मुलांच्या हाती मोबाइल

संध्याकाळी कामावरून परतलेला बाप दाराशी वहाणा काढतो, खिशातला मोबाइल चौथीत शिकणाऱ्या मुलीच्या हाती देतो आणि म्हणतो, "बघ गं, बँकेचं काय आलंय ते." मुलगी अक्षरे जुळवत संदेश वाचून दाखवते. तेवढ्यात आजी विचारते, गॅसच्या अनुदानाचे पैसे जमा झाले का. मुलगी तेही पाहून सांगते. मग कुणा नातेवाइकाने पाठवलेले लग्नाचे निमंत्रण उघडते, विजेच्या बिलाचा आकडा मोठ्याने म्हणते आणि आई हाक मारीपर्यंत त्याच मोबाइलवर एखादी चित्रफीत पाहत बसते. भारतातल्या असंख्य घरांत रोज घडणारा हा प्रसंग आहे. त्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही. उलट, आपली पोर हुशार आहे याचे घरच्यांना कौतुकच वाटते, आणि ते रास्तही आहे.

एके काळी गावात पत्र आले, की पोस्टमन किंवा शाळेतले गुरुजी ते वाचून दाखवीत. आज घराचे वाचन नऊ-दहा वर्षांच्या मुलांकडे आले आहे. या बदलाकडे जितके लक्ष जायला हवे, तितके गेलेले नाही. शिवाय पूर्वीच्या पत्रात आणि आजच्या संदेशात एक मोठा फरक आहे. ते पत्र वाचून झाले, की घडी घालून ठेवता येत असे. आजचा संदेश मात्र वाचणाऱ्याकडून काही करून घेऊ पाहतो. 'येथे दाबा', 'हा अंक सांगा', 'दहा जणांना पाठवा' असे तो सांगत असतो. ते दाबायचे की नाही, सांगायचे की नाही, पाठवायचे की नाही, हा निर्णय अनेकदा त्या लहानग्या बोटाच्या टोकावर येऊन ठेपलेला असतो. बापाच्या खात्यातली महिन्याची कमाई एका अंकाच्या आधाराने उभी असते आणि तो अंक वाचून दाखवणारी व्यक्ती घरात सर्वांत लहान असते.

मुलांना मोबाइल द्यावा की देऊ नये, या प्रश्नावर गेली काही वर्षे बराच वाद झाला आहे. एक पक्ष म्हणतो, मोबाइलने मुले बिघडली, डोळे गेले, खेळ संपले. तेव्हा तो हिसकावून घ्यावा. दुसरा पक्ष म्हणतो, पुढचे जग याच यंत्राचे आहे, मुले आपोआप शिकतात, त्यांना अडवू नये. दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात. पण वर सांगितलेल्या घरात या वादाला फारसा अर्थ उरत नाही. तिथे मोबाइल एकच आहे, तो सगळ्यांचा आहे आणि मुलीच्या मदतीवाचून घरच्यांचे चालत नाही. काढून घ्यावा तर काम अडते आणि तसाच सोडावा तर धोका राहतो.

खेड्यातली विहीर आठवावी. मूल बुडेल म्हणून कुणी विहीर बुजवीत नाही आणि आपोआप शिकेल म्हणून कुणी मुलाला विहिरीत ढकलून घरी निघून जात नाही. पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधतात, काका नाहीतर मामा स्वतः पाण्यात उतरतो, पोटाखाली हात धरतो आणि काही दिवसांनी तो हात हळूच काढून घेतो. पोहणे शिकवण्याची ही रीत कुणा शिक्षणतज्ज्ञाने लिहून दिलेली नाही, पण तिच्यात शिक्षणाचे सारे मर्म आले आहे. मोबाइलच्या बाबतीत मात्र याच समाजाने एक तर विहिरीला कुलूप लावायचे ठरवले, नाहीतर मुलाला एकटे आत सोडले.

मुले आपोआप शिकतात, हा समज निराधार नाही. १९९९ साली दिल्लीतील कालकाजी भागात सुगत मित्रा यांनी आपल्या संस्थेच्या कार्यालयाच्या भिंतीत एक संगणक बसवला. भिंतीच्या पलीकडे झोपडवस्ती होती. कुणीही न शिकवता त्या वस्तीतल्या मुलांनी संगणक हाताळला, चित्रे उघडली, इंटरनेटवर फेरफटका मारला. या प्रयोगाची कीर्ती जगभर झाली. मुलांच्या कुतूहलावर एवढा विश्वास टाकणारा प्रयोग विरळाच. परंतु त्यातून निघालेला निष्कर्ष पुढे अनेकांनी सोयीपुरता वापरला. यंत्र कसे चालवायचे हे मूल स्वतः शिकते, एवढेच त्या भिंतीने दाखवले होते. समोर दिसणारे खरे की खोटे, ते पाहणे बरे की वाईट, कुठे थांबावे, कुणाला काय सांगू नये, हेही मूल आपले आपणच शिकेल, असे त्यातून सिद्ध झालेले नाही. चाकू चालवता येणे आणि चाकू कधी उचलू नये हे कळणे, या दोन निरनिराळ्या विद्या आहेत.

त्यानंतर २०२० साल उजाडले. करोनाच्या साथीमुळे मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या आणि महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग दीड वर्षाहून अधिक काळ बंद राहिले. ज्या मोबाइलला हात लावू नको असे मुलांना सांगितले जात होते, तोच एका रात्रीत शाळा झाला. कित्येक घरांत कर्ज काढून किंवा दागिना मोडून मोबाइल घेतले गेले. वर्ग संपल्यावरही मोबाइल मुलाच्या हातात राहिला, कारण गृहपाठ त्यावरच येत होता. तो वापरायचा कसा, हे शिकवायला त्या धावपळीत कुणाला उसंत नव्हती. त्यासाठी कुणाला दोष देता येणार नाही. दोष द्यायचा, तर तो शाळा पुन्हा उघडल्यानंतरच्या वर्षांना द्यावा लागेल. उसंत मिळाल्यावरही राहिलेला धडा घेतला गेला नाही.

त्याचे फळ काय, हे 'असर' या पाहणीच्या २०२४ सालच्या अहवालात दिसते. ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयाच्या मुलामुलींपैकी ८२ टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. पाहणीपूर्वीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुले सुमारे ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी वापरलेली सुमारे ७६ टक्के. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी नकोशा व्यक्तीला अडवणे किंवा तिची तक्रार करणे सुमारे ६२ टक्के मुलांना माहीत होते आणि संकेतशब्द बदलणे सुमारे ५८ टक्क्यांना. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचता येतात. अर्ध्याहून अधिक मुलांना स्वतःचे रक्षण करता येते, ही समाधानाची बाब आहे. पण दर दहांतली चार मुले असा माणूस मागे लागला तर काय करायचे हे ठाऊक नसताना समाजमाध्यमांवर वावरत होती, हेही त्याच आकड्यांत आहे. ही मुले चौदा वर्षांची आहेत. पाच वर्षांपूर्वी ती चौथी-पाचवीत होती, शिक्षकांचा शब्द प्रमाण मानत होती, 'असे का?' म्हणून दिवसातून पन्नास वेळा विचारत होती. शिकवण्याची वेळ ती होती. चौदाव्या वर्षी मुलाला मित्राचा शब्द शिक्षकाच्या शब्दापेक्षा मोठा वाटू लागतो. म्हणून हे शिक्षण माध्यमिक शाळेवर ढकलून चालणार नाही. त्याची जागा प्राथमिक शाळेतच आहे.

या शिक्षणात यायला काय हवे? 'भ्रमणध्वनी' हा शब्द सरकारी कागदावर राहिला आणि घरोघर मोबाइलच नांदू लागला; तशीच गत 'संगणक साक्षरता' या विषयाचीही झाली आहे. पुस्तकात संगणकाचे भाग, त्यांची नावे, आकृती, रिकाम्या जागा भरा. कळफलकाला इंग्रजीत काय म्हणतात, हे मुलाला पाठ असते. पण एक चित्रफीत संपली, की दुसरी आपोआप का सुरू होते, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

हे सांगणे मुळीच अवघड नाही. चित्रफिती दाखवणारे ॲप पाहणाऱ्याची नोंद ठेवते. मुलाने कोणती चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली, कोणती मध्येच सोडली, कुठे बोट थांबले, हे सारे टिपले जाते आणि त्यावरून पुढचे काय दाखवले तर मूल आणखी बसून राहील, याचा हिशोब मांडला जातो. जितका वेळ मूल बसेल, तितक्या जाहिराती दाखवता येतात आणि त्या जाहिरातींवर कंपनीला पैसे मिळतात. जत्रेतला खेळणीवाला लहान मूल दिसले, की पिपाणी जोरात वाजवतो. तो असे का करतो, हे दुसरीतले मूलही ओळखते. हातातला पडदाही तसाच पिपाणी वाजवणारा आहे, एवढे एकदा मुलाच्या ध्यानात आले, की त्याची नजर बदलते. पिपाणीचा आवाज ऐकू येतोच, पण तो आपल्यासाठीच वाजतो आहे हे कळलेले असते.

याच्या नेमके उलट उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे आहे. माढा तालुक्यातील या लहानशा वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोडचे चौकोन छापले. मुलांची घरची भाषा कन्नड होती. म्हणून त्यांनी त्या भाषेत पाठ तयार केले. मोबाइल चौकोनासमोर धरला, की त्या पाठाची कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे, प्रश्न समोर येत. पुढे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत असे चौकोन आले आणि देशाच्या पातळीवरही ही पद्धत स्वीकारली गेली. २०२० साली डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. या हकिकतीतला गौरवाचा भाग सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्या चौकोनाचा एक साधा गुण फारसा कुणी सांगत नाही. तो मुलाला एका ठिकाणी नेतो आणि तिथे थांबतो. ते ठिकाण एका शिक्षकाने त्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून निवडलेले असते. यंत्र तेच, पडदा तोच. पण एका वेळी निवड शिक्षकाची असते आणि दुसऱ्या वेळी मुलाच्या वेळेवर पैसे कमावणाऱ्याची. 'हे मला कुणी दाखवलं आणि का दाखवलं?' हा प्रश्न विचारायला मूल शिकले, तर जबाबदारीने वापर करण्याचा निम्मा अभ्यास तिथेच झाला असे समजावे.

उरलेला निम्मा अभ्यास अधिक गंभीर आहे, कारण त्यात दुसऱ्यांचे जीव गुंतलेले असतात.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच माणसे त्या भागात आली होती. त्यांतील बहुतेक मूळची सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याची. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागणारा हा समाज. त्या दिवसांत मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश मोबाइलवरून सर्वत्र पसरले होते. जमावाने त्या पाच जणांना पकडले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि मारहाण करून ठार केले. त्यांनी कुणाचेही मूल पळवले नव्हते. त्याच वर्षी देशाच्या इतर राज्यांतही अशाच अफवांनी माणसांचे बळी घेतले. त्या काळात फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक पाकिस्तानातील कराची शहरात बनवलेली होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांना जागे करणारा तो छोटा चित्रपट होता आणि त्याच्या शेवटी उचललेले मूल परत आणून सोडल्याचे दाखवले होते. कुणीतरी तो शेवट कापला आणि उरलेला भाग खरी घटना म्हणून पाठवून दिला. पुढे जुलै महिन्यातच एका संदेश-ॲपने भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठवण्यास मर्यादा घातली. राईनपाड्यातल्या पाच घरांना तिचा काही उपयोग नव्हता.

ऐकणे आणि पाहणे यांत चार बोटांचे अंतर असते, असे जुनी माणसे म्हणत. कान आणि डोळा यांमधले हे अंतर. ऐकलेले खोटे असू शकते, पाहिलेले खरे मानावे, असा त्याचा अर्थ. कराचीतल्या त्या चित्रफितीने हे अंतर पुसून टाकले. लोकांनी ती डोळ्यांनीच पाहिली होती. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने मुळात न घडलेल्या प्रसंगाचीही हुबेहूब चित्रे आणि आवाज तयार होतात. तेव्हा पुढच्या पिढीला डोळ्यांवर विसंबून राहण्यापलीकडची काही रीत शिकवावी लागणार आहे.

राईनपाड्याची हकिकत आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सांगावी का, याविषयी मतभेद असतील. तपशील सांगू नयेत हे योग्यच. पण त्यामागची शिकवण मुलांच्या खेळातून देता येते. कानगोष्टींचा खेळ प्रत्येक शाळेत खेळला जातो. पहिल्याच्या कानात सांगितलेले वाक्य विसाव्याकडे पोहोचेपर्यंत कसे बदलते, यावर मुले खळखळून हसतात. हसून झाल्यावर शिक्षकाने एवढेच विचारावे, की वाक्य कुठे बदलले, आणि बदलले आहे असा संशय आला तरी तुम्ही ते पुढे का सांगितले? या शेवटच्या प्रश्नावर वर्ग जरा गप्प होतो. अर्धी गोष्ट सांगून थांबावे आणि पुढे काय झाले असेल ते मुलांना लिहायला लावावे; मग खरा शेवट वाचून दाखवावा. कापलेल्या शेवटाचे सामर्थ्य त्यांना लगेच कळते. या धड्याला ना संगणक लागतो, ना वीज. केरळच्या कण्णूर जिल्ह्यात २०१८ साली तिथल्या प्रशासनाने सरकारी शाळांतील मुलांना खोट्या बातम्या ओळखण्याचे पाठ दिले, ते 'सत्यमेव जयते' या नावाने. मुले घरी जाऊन वडीलधाऱ्यांच्या संदेशांवर शंका घेऊ लागली, तर घरच्यांना ते प्रथम उद्धटपणाचे वाटेल. परंतु असा उद्धटपणा सोसण्याची तयारी घरांनी ठेवली पाहिजे.

गुप्त अंक आणि संकेतशब्द यांचा धडाही असाच लवकर द्यावा लागेल. बँक ओटीपी म्हणून जो अंक पाठवते, तो घराच्या किल्लीसारखा असतो. फोनवर गोड बोलणारा माणूस 'मी बँकेतून बोलतो' म्हणाला, तरी त्याला किल्ली द्यायची नसते. मुलीला हे पक्के ठाऊक असेल, तर ती बापालाही वाचवू शकते. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवायचे असते आणि एखादे मूल संकटात असेल, तर १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक पाढ्यांसारखे पाठ असायला हवेत.

याहून नाजूक भाग अनोळखी माणसांचा आहे. खेळाच्या ॲपमध्ये कुणीतरी मित्र होतो, गोड बोलतो, छायाचित्र मागतो आणि नंतर धमकावतो. अशा वेळी मुलाने घरी सांगावे, असे सगळेच म्हणतात. मूल सांगत मात्र नाही. त्याला कारण असते. सांगितले की पहिला प्रश्न येतो, "तू मोबाइल घेतलाच कशाला?" आणि त्यापाठोपाठ पाठीत धपाटा बसतो. मुलींच्या बाबतीत तर मोबाइलच नव्हे, कधी कधी शाळाही बंद होते. धमकावणाऱ्या माणसाला हे पक्के माहीत असते. तो त्याच भीतीवर जगतो. म्हणून मुलांना शिकवण्याआधी पालकांना एक वचन द्यावे लागेल, की खरे सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही. हे वचन पाळणे वाटते तितके सोपे नाही.

काही जण म्हणतील, की याचा बंदोबस्त कायद्याने करावा. कायदा झालाही आहे. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमानुसार (नाव जिभेला जड आहे, पण आशय महत्त्वाचा आहे) अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती लागते आणि मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत. पण पुन्हा त्याच घराकडे पाहावे. संमती मागणारा मजकूर पडद्यावर येतो, तेव्हा तो बापाला कोण वाचून दाखवते? ती चौथीतली मुलगीच. जन्मतारीख कोण भरते? तीच. ज्या घरात पालकाच्या वतीने मूलच वाचते आणि लिहिते, तिथे पालकाची संमती ही बहुधा मुलाचीच संमती ठरते. कायदा कंपनीच्या दारापर्यंत पोहोचतो. उंबऱ्याच्या आत शिक्षणच पोहोचू शकते आणि त्यात मोठ्यांचे शिक्षणही आले. सुटलेली शाळा पुन्हा धरणारे प्रौढ जेव्हा स्वतः संदेश वाचू लागतात, तेव्हा त्या लहान खांद्यांवरचे ओझेही उतरते. प्रौढ शिक्षणाचा हा लाभ क्वचितच मोजला जातो.

मोठ्यांच्या सहभागाचे एक उदाहरण सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने घालून दिले आहे. कडेगाव तालुक्यातील या गावाने २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात ग्रामसभेत एक ठराव केला. रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि पुढचा दीड तास गावातले मोबाइल व दूरचित्रवाणी संच बंद राहतात. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात किंवा गप्पा मारतात. साडेआठला पुन्हा भोंगा होतो. हा ठराव गाजला, कारण तो मुलांपुरता नव्हता. बापाने मालिका पाहत बसावे आणि मुलाला 'अभ्यास कर' म्हणून ओरडावे, ही घराघरातली विसंगती त्याने दूर केली. मूल मोठ्यांचे ऐकत नाही, पण मोठ्यांचे पाहून करते, हे गावाला उमगले होते. तरीही भोंग्याची मर्यादा ओळखली पाहिजे. तो थांबायला लावतो, पण कसे वापरावे हे शिकवत नाही. साडेआठनंतर मोबाइल पुन्हा सुरू होतो, तेव्हा त्यावर काय पाहायचे आणि काय पुढे पाठवायचे, हे त्या भोंग्यात नाही. गाव सोडून शहरात शिकायला गेलेल्या मुलासाठी तिथे कुणी भोंगा वाजवणार नाही. जी शिस्त बाहेरून आली, ती आत उतरवण्याचे काम शाळेचे आहे.

शाळांवर आधीच पुष्कळ भार आहे, हा आक्षेप खरा आहे. जनगणना, निवडणूक, अनेक प्रकारच्या नोंदी, प्रशिक्षणे यांतून शिक्षकाला वर्गात उभे राहायला वेळ मिळाला, तर तो भाग्यवान. अशात आणखी एक विषय, आणखी एक पुस्तक, आणखी एक परीक्षा आली, तर त्या विषयाचे मातेरेच होईल. मूल्यशिक्षणाचे काय झाले, हे सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा या विषयाला वेगळी तासिका नसलेलीच बरी. भाषेच्या तासाला पत्रलेखन असतेच. त्यात संदेशलेखन यावे. न दिसणाऱ्या माणसालाही आपल्या शब्दांनी लागते, हे तिथे शिकवता येईल. गणिताच्या तासाला मुलांनी आठवडाभर स्वतःचा आणि घरातल्या मोठ्यांचा पडद्यासमोरचा वेळ मांडावा आणि बेरीज करावी. मोठ्यांची बेरीज जास्त निघण्याची शक्यता बरीच आहे. ती वर्गात वाचली गेली, की पालकसभेला वेगळीच रंगत येईल. परिसर अभ्यासात बाजार, वाहतूक, टपाल येते, तिथेच हा नवा बाजारही यावा.

मुलींविषयी एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. जबाबदारीच्या नावाखाली बंधने आली, की ती प्रथम मुलींवर येतात. 'असर'च्या त्याच अहवालानुसार स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ३६ टक्के होते, तर मुली सुमारे २७ टक्के. भावाने रात्री अकरापर्यंत मोबाइलवर खेळावे आणि बहिणीने अभ्यासाची कविता ऐकायला मागितला, तर 'मुलीच्या जातीला कशाला हवा' म्हणावे, याला जबाबदार वापर म्हणता येणार नाही. शाळेने हा धडा दिला, तर तो मुलांना अधिक आणि मुलींना कमी, असा देऊ नये. आणि जो नियम भावाला नाही तो बहिणीलाही नाही, हे पालकांना स्पष्ट सांगावे.

शेवटी शाळेच्या स्वतःच्या वागण्याचा प्रश्न उरतोच. पालकसभेत 'मुलांना मोबाइलपासून दूर ठेवा' असे सांगणारी शाळा त्याच रात्री नऊ वाजता गृहपाठ पालकांच्या गटावर टाकते. मग मोबाइलसाठी मूल बापाच्या मागे लागते आणि गृहपाठ शोधताना त्याला आणखी वीस गोष्टी दिसतात. गृहपाठ फळ्यावर लिहून द्यावा. मुलांनी तो वहीत उतरवून घ्यावा. त्यात तंत्रज्ञानाचा काही अपमान नाही. छायाचित्रांचे तर विचारूच नये. परिपाठ झाला, काढ छायाचित्र. वृक्षारोपण झाले, काढ छायाचित्र. गणवेशवाटप, वजन-उंची, हात धुणे, दुपारचे जेवण, सगळ्यांची छायाचित्रे वर पाठवायची असतात. शिक्षकाचाही नाइलाज असतो. पण गणवेशाची पुडकी हातात धरून उभ्या असलेल्या मुलाला कुणी विचारलेले नसते, की तुझे छायाचित्र काढू का, ते कुणाकुणाला दिसलेले तुला चालेल? ज्याला कधी विचारले गेले नाही, ते मूल पुढे दुसऱ्याचे छायाचित्र काढताना विचारील, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

सुरुवात तिथूनच करता येईल, आणि तीही उद्याच, कुठल्याही परिपत्रकाची वाट न पाहता. दुपारी खिचडीच्या पंगतीसमोर मोबाइल उचलण्यापूर्वी शिक्षकाने विचारावे, "छायाचित्र काढायचं आहे, कुणाला नको आहे का?" पहिल्या दिवशी मुले गोंधळतील, एकमेकांकडे पाहून हसतील. चार-सहा दिवसांनी एखादा हात वर होईल. मग शिक्षकाने दोन पावले बाजूला सरकून छायाचित्र घ्यावे, आणि ते मूल चौकटीच्या बाहेर बसून आपली खिचडी जेवत राहील.